बिनभिंतीचा पाहुणा

वसुबारसेच्या दिवशी आमच्या घरी पूजेआधी एक काम ठरलेले असे. आबा, म्हणजे माझे आजोबा, गाय धुऊन झाली की तिच्या कानांच्या आत, कासेजवळ आणि शेपटीच्या बुडाशी बोटे फिरवून गोचीड शोधायचे. सापडलेला गोचीड ते चिरडत नसत, रॉकेल घातलेल्या डबीत टाकत. ती डबी धरून उभे राहणे हे माझे काम. रक्त पिऊन टम्म फुगलेला गोचीड हुबेहूब एरंडाच्या बीसारखा दिसतो. पुढे वाचनात आले की लॅटिन भाषेत गोचिडाला आणि एरंडाला एकच शब्द आहे, ‘रिसिनस’. म्हणजे आमच्या गोठ्यातली उपमा रोमन लोकांनाही सुचली होती.

मी सातवीत असताना पावसाळ्यात चांदीला ताप आला. चांदी आमची पहिली संकरित गाय, कर्ज काढून घेतलेली. गावात जनावरांना सुई टोचणारे एक गृहस्थ होते. त्यांनी तीन दिवस पेनिसिलिन दिले. ताप हलला नाही. चौथ्या दिवशी तालुक्याहून डॉक्टर आले. त्यांनी चांदीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतली बाजू पाहिली. ती पांढुरकी पिवळट झाली होती.

“लघवी लाल होतीय का?” त्यांनी विचारले.

“न्हाई,” आबा म्हणाले.

“मग हा गोचीड तापातला दुसरा प्रकार. पेनिसिलिन याला लागू पडत नाही.”

त्यांनी टेट्रासायक्लिन गटातले औषध शिरेतून दिले. पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे चांदी गेली. कर्जाचे हप्ते पुढे दोन वर्षे चालू राहिले.

पेनिसिलिन याला का लागू पडत नाही, हे त्या दिवशी कोणी विचारले नाही. विचारण्यासारखी वेळही नव्हती. आज मी अमेरिकेच्या पूर्व भागातल्या एका विद्यापीठात गोचिडांमार्फत पसरणाऱ्या जिवाणूंवर काम करते. सुट्टीत गावी गेले की कोणीतरी हमखास विचारते, “गोचिडावर संशोधन करायला एवढ्या लांब कशाला? हितं काय कमी हायेत?” या प्रश्नाचे खरे उत्तर त्या पेनिसिलिनच्या सुईत आहे. ते उत्तर पुढे कोलेस्टेरॉलपर्यंत जाऊन पोहोचते.

तुतीचे फळ

मी ज्या जिवाणूवर काम करते त्याचे नाव लांबलचक आहे, अ‍ॅनाप्लाझ्मा फॅगोसायटोफिलम. आडनावाचा अर्थ मजेदार आहे, ‘भक्षक पेशींवर प्रेम करणारा’. चांदीच्या तांबड्या पेशींत शिरलेला जंतू बहुधा याचा चुलतभाऊ, अ‍ॅनाप्लाझ्मा मार्जिनेल. एक गुरांच्या तांबड्या रक्तपेशींत राहतो, तर दुसरा माणसाच्या, मेंढीच्या, घोड्याच्या, कुत्र्याच्या पांढऱ्या रक्तपेशींत.

या दुसऱ्याची ओळख आधी मेंढपाळांना झाली. स्कॉटलंडमध्ये मेंढ्यांना होणारा ‘गोचीड ताप’ 1932 साली शास्त्रीय नियतकालिकात नोंदला गेला. माणसांत तो सापडायला साठ वर्षे लागली. अमेरिकेतल्या मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या राज्यांतल्या 12 रुग्णांचा वृत्तान्त 1994 साली प्रसिद्ध झाला. थंडी वाजून ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, अंगदुखी, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी झालेल्या. असे चित्र तर कितीतरी तापांत दिसते. पण रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंगवून पाहिल्यावर काही न्यूट्रोफिल पेशींच्या आत जांभळट ठिपक्यांचा झुबका दिसला. अशा झुबक्याला वैद्यकात ‘मोरुला’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ तुतीचे छोटे फळ. एकदा पाहिले की दुसरे नाव सुचत नाही.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राकडे 2000 साली या तापाचे 348 रुग्ण नोंदले गेले होते. 2017 साली ती संख्या 5,762 झाली. तो पसरवणारा गोचीड हरणांवर पोसला जातो. पण जंतू त्याला हरणाकडून नव्हे, बहुधा पांढऱ्या पायांच्या रानउंदरांकडून मिळतो. मादी गोचिडाच्या अंड्यांतून तो पुढच्या पिढीत जात नाही. प्रत्येक पिढीला तो नव्याने उंदराच्या रक्तातून उचलावा लागतो. माणसाला बहुतेक वेळा चावतो तो अर्धवट वाढलेला गोचीड, आकार खसखशीच्या दाण्याएवढा. अनारशावर एक बसला तर ओळखू येणार नाही. चावलेला कळतही नाही. तो दिवसचे दिवस चिकटून राहतो आणि त्या मुक्कामात जंतू आपल्या रक्तात उतरतो.

उतरून तो जातो कुठे, तर न्यूट्रोफिलमध्ये. न्यूट्रोफिल म्हणजे आपल्या रक्तातले शिपाई, जंतू दिसला की गिळायचा आणि आतल्या आत जाळून टाकायचा हेच ज्यांचे काम. चोराने लपायला पोलीस चौकी निवडावी तसा हा प्रकार. न्यूट्रोफिलचे आयुष्य तसे थोडक्यात आटोपते. पण जंतू आत शिरला की पेशीचे ठरलेले मरण तो पुढे ढकलतो. स्वतःभोवती पेशीच्याच पडद्याची एक खोली करून घेतो, जाळणारी रसायने त्या खोलीत येऊ देत नाही आणि तिथे बसून एकाचे अनेक होत राहतो. तेच ते तुतीचे फळ.

भिंत नाही म्हणून

आता पेनिसिलिनकडे वळू. बहुतेक जिवाणूंच्या भोवती एक चिवट जाळीदार भिंत असते. पेनिसिलिन ती भिंत बांधू देत नाही. वाढणारा जिवाणू भिंतीविना फुटतो आणि मरतो. पण जिथे भिंतच नाही तिथे पेनिसिलिनला धरायला काही उरत नाही. अ‍ॅनाप्लाझ्मा फॅगोसायटोफिलमकडे अशी भिंत बांधायची पूर्ण जनुके नाहीत. अनेक जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात एक खास शर्करामेद असतो, त्याची जनुकेही याने गमावलेली आहेत. त्याच्या जनुकसंचाची लांबी सुमारे 15 लाख अक्षरे, आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय या जिवाणूच्या एक तृतीयांश. दुसऱ्याच्या घरात राहायचे ठरवल्यावर त्याने सामान कमी केले. भिंत आणि शर्करामेद गमावण्यात त्याचा फायदाही असावा, कारण आपली प्रतिकारयंत्रणा जिवाणू ओळखते ते नेमके याच दोन खुणांवरून.

चांदीच्या जंतूची रचना थोडी वेगळी आहे, पण औषधाच्या बाबतीत दोघे सारखेच. पेनिसिलिनने बरे होत नाहीत, टेट्रासायक्लिन कुळातल्या औषधांना दबतात. माणसाला दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन त्याच कुळातले. ते भिंतीच्या वाटेला जात नाही, जिवाणूचा प्रथिने तयार करण्याचा कारखाना थांबवते.

यातून एक व्यावहारिक अडचण निघते. हाच गोचीड लाइम नावाचा रोगही देतो. लाइमला पेनिसिलिनच्या कुळातले अ‍ॅमॉक्सिसिलिन चालते. एकाच गोचिडाने दोन्ही जंतू दिले आणि डॉक्टरांनी फक्त लाइमवर नेम धरून अ‍ॅमॉक्सिसिलिन दिले, तर दुसरा तसाच राहतो. म्हणून लक्षणे आणि गोचिडाचा संशय जुळला की तपासणीच्या निकालाची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन सुरू करावे, असे डॉक्टरांना सांगितले जाते. वेळेवर दिले तर ताप सहसा एकदोन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर, विशेषतः वृद्धांत आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत, प्रकरण जिवावर बेतू शकते.

पण भिंत नसेल तर हा जंतू फाटत का नाही? साबणाच्या फुग्यासारखी नाजूक वस्तू पेशीतून पेशीत, गोचिडातून उंदरात, उंदरातून माणसात धडधाकट कशी पोहोचते? या प्रश्नाचे उत्तर ओहायो स्टेट विद्यापीठाच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून आले. मूळच्या जपानच्या यासुको रिकिहिसा तिथे आयुष्यभर याच कुळातल्या जंतूंचा पाठपुरावा करत आल्या आहेत. त्यांनी आणि मिंगचुन लिन यांनी 2003 साली दाखवले की या जंतूच्या आवरणात कोलेस्टेरॉल असते. ते काढून घेतले की जंतू पेशीला बाधा करू शकत नाही.

जिवाणूंच्या जगात हे जवळजवळ जातीबाहेरचे वागणे आहे. बहुतेक जिवाणूंना कोलेस्टेरॉल लागत नाही आणि बनवताही येत नाही. यालाही बनवता येत नाही, पण लागते मात्र. म्हणजे हा भिंत टाकून आलेला पाहुणा यजमानाच्या कोठारातल्या मेदाने स्वतःला लिंपून घेतो.

कोठाराची वाट

दिवाळीत चिवड्याचा बकाणा भरता भरता “माझं कोलेस्टेरॉल वाढलंय” असे सांगणारा एक तरी काका प्रत्येक घरात असतो. त्यामुळे कोलेस्टेरॉल म्हणजे विष अशी आपली समजूत झाली आहे. खरे तर त्याच्याविना आपली एकही पेशी उभी राहणार नाही. पेशीचे आवरण फार पातळही होऊ नये आणि फार ताठही होऊ नये, हे काम कोलेस्टेरॉल करते. पित्त, काही संप्रेरके, ड जीवनसत्त्व यांचा कच्चा मालही तेच.

पेशीला ते दोन मार्गांनी मिळते. एक, घरी बनवायचे. त्याला तीसेक रासायनिक पायऱ्या लागतात. दुसरा, बाहेरून आणायचे. रक्त पाणीदार आणि कोलेस्टेरॉल तेलकट, म्हणून ते एलडीएल नावाच्या गोळ्यांत बांधून रक्तातून फिरवले जाते. पेशीच्या दारावर एलडीएल ओळखून धरणारे प्रथिन असते, त्याला ग्राही म्हणतात. ते गोळीला आत ओढते. गोळी लायसोसोम या आम्लाच्या हौदात जाते, तिथे तिचे तुकडे होतात आणि मोकळे झालेले कोलेस्टेरॉल एनपीसी-1 नावाचे प्रथिन हौदाबाहेर काढते. मग ते गरज असेल तिथे पोहोचते. साठा पुरेसा झाला की पेशी दारावरचे ग्राही कमी करते आणि घरची भट्टीही मंद करते.

हा सगळा हिशेब मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी 1970च्या दशकात डॅलसमध्ये उलगडला. ज्या मुलांच्या पेशींवर हे ग्राही नसतात, त्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल प्रचंड साठते आणि लहान वयात हृदयविकाराचे झटके येतात. त्या मुलांच्या त्वचेच्या पेशींवरून ही वाट कळली. 1985 साली दोघांना नोबेल मिळाले. एनपीसी-1चे जनुक 1997 साली सापडले, तेही एका दुर्मीळ आनुवंशिक आजारामुळे. त्या मुलांच्या पेशींत कोलेस्टेरॉल हौदातच अडकते आणि हळूहळू मेंदू खचत जातो.

मग आमचा पाहुणा कोणत्या मार्गाने चोरतो? भट्टीतून की रक्तातून आलेल्या गोळ्यांतून? रिकिहिसा यांच्याच प्रयोगशाळेत छिंगमिंग श्योंग यांनी हे वेगळे करून पाहिले. त्याआधी 2007 साली त्यांना असे दिसले होते की, कोलेस्टेरॉलचा निचरा न होणाऱ्या उंदरांना मेदयुक्त आहार दिला तर त्यांच्यात हा जंतू जास्त वाढतो. 2009 साली पेशींवर प्रयोग झाले. घरची भट्टी बंद केली तरी जंतूला फरक पडला नाही. बाहेरून येणाऱ्या एलडीएल गोळ्या बंद केल्या तेव्हा त्याची वाढ खुंटली. शिवाय बाधित पेशींच्या दारावरचे ग्राही वाढलेले होते. आत माल भरपूर असताना पेशीने दार लोटून घ्यायला हवे. इथे उलट दारे जास्त उघडली जात होती. म्हणजे पाहुणा नुसता कोठारात हात घालत नव्हता, यजमानाच्या नावाने वाण्याकडे यादी पाठवत होता. 2012 साली पुढचा दुवा मिळाला. एनपीसी-1 वाहणाऱ्या पुटिका, म्हणजे पेशीतल्या मालवाहू पिशव्या, वळून जंतूच्या खोलीपाशी येतात. ती वाहतूक रोखली की जंतूलाही कोलेस्टेरॉल मिळत नाही.

माझे रोजचे काम याच वाटेवरचे आहे. 1970च्या दशकात रक्ताचा कर्करोग झालेल्या एका स्त्रीच्या रक्तातून काढलेल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जातात. त्यांत आम्ही जंतू पोसतो. कोलेस्टेरॉल पाहण्यासाठी फिलिपिन नावाचे रसायन वापरतो. अतिनील प्रकाशात ते निळे चमकते. पहिल्या वर्षी मी मोठ्या उत्साहाने गटाच्या बैठकीत सांगितले की माझ्या जंतूंमध्ये कोलेस्टेरॉल दिसत नाही. आमच्या गटप्रमुखांनी एकच प्रश्न विचारला, नमुना दिव्याखाली किती वेळ होता? फिलिपिनची चमक प्रकाशात काही क्षणांत विझते. मी नीट दृश्य शोधण्यात मिनिटे घालवली होती. माल चोरीला गेला नव्हता, मीच दिवा लावून तो उडवला होता. आता मी अंधारात बसून आधी दुसऱ्या रंगावर दृश्य शोधते आणि निळा दिवा शेवटी, डोळ्याचे पाते लवेपर्यंतच लावते. गडद पेशीत निळ्या ठिपक्यांची तुती दिसते तेव्हा अजूनही क्षणभर हात थांबतो.

वाट अडवायची कशी?

हे सारे कळून रुग्णाला काय मिळाले, हा प्रश्न रास्त आहे. आधी काय मिळाले नाही ते सांगते. स्टॅटिनच्या गोळ्या घेतल्याने हा ताप टळतो, असा याचा अर्थ नाही. त्या गोळ्या घरची भट्टी मंद करतात, आणि जंतूला भट्टीशी देणेघेणे नाही. तूप खाल्ल्याने हा ताप येतो असाही अर्थ नाही. तो गोचीड चावल्याने येतो.

मिळाली ती एक शक्यता. आज या तापावर मुख्य औषध एकच, डॉक्सिसायक्लिन. लस नाही. ज्यांना ते औषध चालत नाही त्यांच्यासाठी पर्याय अगदी थोडे आहेत. उद्या जंतूने त्याला दाद दिली नाही तर काय, ही धास्ती आहेच. प्रतिजैविक जंतूच्या यंत्रावर घाव घालते आणि जंतू आपले यंत्र बदलू शकतो. पण त्याची रसद आपल्या पेशीतून जाते. ती तोडली तर बदलण्यासारखे त्याच्या हातात थोडेच उरते.

अडचण अशी की ती रसद आपलीही आहे. एनपीसी-1ची वाट पूर्ण बंद केली तर आपण माणसाला तोच दुर्मीळ आजार देऊ. म्हणून वाटेवरची अशी जागा हवी, जी काही दिवस अरुंद केली तर यजमानाला सोसेल, पाहुण्याला नाही. रिचमंड येथील व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठात जेसन कार्लायन यांच्या गटाने 2019 साली अशी एक जागा दाखवली. लायसोसोममधल्या एका विकराचे काम मंदावले की कोलेस्टेरॉलची ही वाहतूक अडखळते. डेसिप्रामाइन हे नैराश्यावरचे जुने औषध नेमके तेच करते. ते दिलेल्या उंदरांत हा जंतू नीट तग धरू शकला नाही. हे उंदरांतले निष्कर्ष आहेत, माणसावरचा उपचार नव्हे. तो विकर जन्मतःच नसणे हाही गंभीर आजारच आहे. तरीही दशकानुदशके माणसांना दिलेल्या औषधाची मात्रा आणि धोके माहीत असतात. शून्यापासून सुरुवात करण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

मला यातले दुसरे देणे अधिक मोठे वाटते. पेशीतली कोलेस्टेरॉलची वाहतूक नीट समजलेली नाही. ज्यांच्यात ती बिघडते ती मुले आपल्याला थोडे सांगून जातात. आणि ज्याला ती वाट जगण्यासाठी हवीच आहे तो जंतू बाकीचे दाखवतो. 2011 साली कळले की इबोलाचा विषाणूही पेशीत शिरताना याच एनपीसी-1चा आधार घेतो. लाइमचा जंतूही यजमानाकडून कोलेस्टेरॉल उचलतो. कोणी मेंढीच्या तापाचा, कोणी दुर्मीळ आजाराचा माग काढत निघतो आणि सगळे एकाच चौकात भेटतात.

गावच्या प्रश्नालाही इथेच उत्तर आहे. गोचीड तिथे कमी नाहीत. दोडामार्गच्या काजूच्या बागांत आणि गोव्यातल्या सत्तरीत गोचिडांमधून येणारा माकडताप गेल्या काही वर्षांत माणसांचे बळी घेऊन गेला. तो विषाणूचा ताप, त्याला प्रतिजैविके लागूच नाहीत. पुण्यामुंबईच्या पाळीव कुत्र्यांना होणारा ‘टिक फीवर’ पुष्कळदा आमच्याच जंतूच्या भाऊबंदांचा असतो. आणि संकरित गाईंचा गोचीड ताप तर घरोघरी ठाऊक आहे. गोचीड एकच दिसला तरी त्याच्या पोटात काय आहे त्यावर औषध ठरते. तीन दिवस चुकीची सुई म्हणजे काय, हे आम्ही एका गाईच्या किमतीत शिकलो.

गेल्या वसुबारसेला दादाला, माझ्या चुलतभावाला, फोन केला. त्याच्या गोठ्यात आता आठ गाई आहेत. मी त्याला जंतूने यजमानाच्या नावाने यादी पाठवल्याची गोष्ट सांगितली. तो हसला.

“म्हंजे उधारी आपल्या खात्यावर,” तो म्हणाला. मग थोडा थांबून, “ते औषध गाईला कधी यायचं?”

“माहीत नाही दादा. कदाचित येणारही नाही.”

“बरं. तवर टेट्रासायक्लिन हाय.”

“ताप आला की स्वतःहून पेनिसिलिन टोचू नकोस. डॉक्टरांना बोलव आणि...”

“पापणी बघतो अगं,” त्याने मला मध्येच तोडले. “रोज सकाळी, धारा काढायच्या आधी, आठीच्या आठी गाईंची. चांदी गेल्यावर आबांनी ती सवयच लावली होती.”

मागून गाईंच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज येत होता. पूजेची वेळ झाली म्हणून वहिनीने हाक मारली आणि त्याने फोन ठेवला.